प्लास्टिकचा चारआईना, चार संच: जोडणीपासून रंगापर्यंतच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

खोकं उघडून तुकडे मोजले. एका संचात अकरा: चारआईन्याचे चार पत्रे (छाती, पाठ, दोन बगला), दस्तान्यांचे (मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातकवचांचे) दोन्ही हातांचे मिळून चार, टोपाची दोन अर्धुकं आणि नाकपट्टी. चार संचांचे चव्वेचाळीस हवे होते, त्रेचाळीस निघाले. एक नाकपट्टी नाही. सपाट पट्टीच आहे, कापून उरलेल्या शीटमधून होईल. परत पाठवापाठवी नको.

देखावा दरबाराचा, आणि चारही संच सरदारांच्या अंगावर जाणार. हे आधीच ठरलं ते बरं झालं, कारण गणपतीतल्या सजीव देखाव्यांत दिसेल त्या मावळ्याला चिलखत चढवायची हौस फार. चारआईना म्हणजे साखळ्यांच्या चिलखतावर बांधायचे चार लोखंडी पत्रे. शब्द फारसी, अर्थ ‘चार आरसे’. गड चढणाऱ्या पायदळाच्या अंगावर तो शोभत नाही.

गोंद आणायच्या आधी प्लास्टिक कोणतं ते तपासायचं. सगळं पांढरंच दिसतं, पण एबीएस आणि हिप्स (रबर घातलेलं पॉलिस्टायरीन) यांचे गोंद, थिनर, उष्णता सगळंच वेगळं. सोपी चाचणी मोसंबीच्या सालीची. साल दाबून तिचं तेल कातरणाच्या तुकड्यावर उडवायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी नखानं घासायचं. त्या तेलात लिमोनीन असतं आणि हिप्स त्यात विरघळतं. पृष्ठभाग चिकट, मंद होतो. एबीएसवर डागसुद्धा पडत नाही. इथे पत्रे आणि दस्ताने एबीएसचे निघाले, टोप आणि नाकपट्टी हिप्सची. एकाच खोक्यात दोन प्लास्टिकं, आणि सूचनेच्या कागदावर त्याबद्दल अक्षर नाही.

कॅलिपरनं जाडी: छातीचा पत्रा मध्ये १.९ मिमी, फुगीर कडेच्या वळणावर १.१. टोपाच्या शेंड्याला जेमतेम ०.८. तापवलेली शीट साच्यावर टाकून खालून हवा ओढून घेतली की खोल साच्यात ती ताणली जाते आणि पातळ होते. तुकडा बल्बसमोर धरला की पातळ जागा लालसर उजळतात. तिथे पेन्सिलनं आतून फुल्या मारल्या. त्या फुल्यांवर भोक पाडायचं नाही.

८ जुलै

सगळे तुकडे भांड्यांच्या साबणानं आणि मऊ ब्रशनं धुतले. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर पुढे प्रायमर नखानं सालीसारखा निघतो. धुतल्यावर हात नीट कोरडे करूनच उचलायचे. पावसाळी हवेत रात्रभर पंख्याखाली ठेवूनही दस्तान्याच्या दुमडीत पाणी सापडलं.

१२ आणि १३ जुलै

कडा कापल्या. कटरनं आरपार कापायला गेलं की पातं सटकतं, आणि सटकलं की पत्र्याच्या दर्शनी बाजूवरच जातं. रेघेवर हलक्या हातानं तीनदा ओढायचं, मग रेघेच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून मागे वाकवायचं. टक्क असा आवाज होऊन पट्टी सुटते. वळणावर वाकड्या पात्याची छोटी कात्री. पत्रा कापायची कात्री नको, तिच्या जबड्याचे दात कडेला बारीक चिरा पाडतात. त्या आज दिसत नाहीत, पंधरा दिवसांनी तडा म्हणून दिसतात.

कड पूर्ण कापून टाकायची नाही. आत वळलेला ५ मिमी काठ राहू द्यायचा. लांबून पत्र्याची जाडी त्या काठावरून कळते. तो काढला तर दोन मिलिमीटरचं प्लास्टिक दोन मिलिमीटरचंच दिसतं. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जुनी शस्त्रं बघताना काठाकडे लक्ष द्यावं. नजर जाते नक्षीवर, पण वस्तू भारदस्त वाटते ती काठामुळे.

बगलेच्या पत्र्याला वर काखेसाठी खाच असते. साच्यातली खाच उथळ होती. हात खाली आणला की पत्रा वर उचलला जाऊन छातीच्या पत्र्यावर चढायचा. खाच २२ मिमीनं खोल केली. जिथे कापाच्या दोन रेघा आत कोपरा करतात तिथे आधी ३ मिमीचं भोक पाडलं आणि त्या भोकापर्यंतच कापलं. आतला कोपरा टोकदार ठेवला की तडा तिथूनच निघतो. गोल भोकावर ताण वाटला जातो.

कातरण फेकलं नाही. एबीएसचं एका बरणीत, हिप्सचं दुसऱ्या बरणीत, दोन्हींवर चिठ्ठ्या. एकत्र झालं की दोन्ही वाया.

१६ जुलै

दस्ताने. साच्यानुसार दोन तुकडे जोडून नळी करायची होती, पण पुऱ्या नळीत मनगट १८ सेंमीचं ठेवलं तर पंजा जात नाही, आणि पंजा जाईल एवढी ठेवली तर दस्ताना मनगटावर बांगडीसारखा फिरतो. खऱ्या दस्तान्यात मोठा पत्रा बाहेरच्या बाजूला असतो आणि मनगटाच्या आतला छोटा पत्रा बिजागरीवर उघडतो. तेच केलं. एका बाजूला चामड्याची बिजागरी, दुसऱ्या बाजूला बक्कल.

चामडं चप्पल लाईनमधून: दोन मिलिमीटरचं, तेल न पाजलेलं. तेल पाजलेल्या चामड्यावर गोंद धरत नाही. पट्टी ३० मिमी रुंद, रापीनं कापलेली, काठ आरीनं टोचून शिवलेला. बाजूला तीन-तीन पॉप रिव्हेट, ४ मिमीचे, भोक ४.२ मिमी. प्लास्टिकवर रिव्हेट नुसता मारला तर फुगणारं टोक भोक फाडतं. मागे वॉशर हवाच. शिवाजी उद्यमनगरात मिळणारा १२ मिमीचा अॅल्युमिनियम वॉशर पुरतो. रिव्हेटगनचा दांडा तुटेपर्यंत दाबायच्या आधी तुकडा टेबलावर सपाट टेकलाय ना ते बघायचं. अधांतरी दाबला आणि एका दस्तान्याला भोकाभोवती पांढरा चंद्र उमटला. एबीएस मर्यादेबाहेर वाकलं की असं पांढरं पडतं. तडा नसतो, पण जागा कमजोर झालेली असते. तिथे आतून पट्टी लावली.

१९ जुलै

टोप. दोन अर्धुकं कपाळापासून मानेपर्यंत एकाच रेघेवर जुळवायची. सांधा कडेला कड असा. एकावर एक चढवलं तर पायरी दिसते आणि ती घासून जात नाही. दोन्ही कडा काचेवर १२० नंबरचा पॉलिश कागद चिकटवून त्यावर घासून सपाट केल्या. मग सांध्याच्या आतून हिप्सच्याच शीटची २० मिमीची पट्टी, दर ४० मिमीवर खाचा देऊन, म्हणजे ती घुमटाच्या गोलाईत बसते.

चिकटवायला डायक्लोरोमिथेन. अॅक्रिलिक शीट विकणारे ते ‘सोल्यूशन’ म्हणून देतात. सुईच्या बाटलीतून एक थेंब सांध्याला टेकवला की फटीत आपोआप ओढला जातो. जास्त सोडलं तर ०.८ मिमीच्या जागी बाहेरून सुरकुती पडते. खिडक्या उघड्या आणि बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी बंद. कापडी मास्कचा इथे काडीचा उपयोग नाही, आणि कार्बन कार्ट्रिजच्या मास्कचाही भरवसा नाही; ही वाफ त्यातून लवकर पार होते.

झटपट चिकटणारा गोंद सांध्यासाठी वापरू नये. धरतो लगेच, पण ठिसूळ. टोप एकदा फरशीवर आपटला की सांधा काचेसारखा सुटतो. शिवाय दमट बंद खोलीत त्याची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी बसते.

२३ जुलै

बाहेरच्या फटीत कातरणाचा रस भरला. पत्र्यांसाठी १० ग्रॅम एबीएस, ३० मिलि अॅसिटोन, रात्रभर, सकाळी मधासारखा. टोपासाठी हिप्सचं कातरण अॅसिटोनमध्ये टाकून उपयोग नाही. ते विरघळत नाही, फुगून च्युइंगगमसारखा गोळा होतो. त्याला टोल्युइन. टोल्युइनचा रस सावकाश वाळतो, म्हणून थर निम्म्याहून पातळ.

२७ जुलै

सांधा बसला. म्हणजे वाईट अर्थानं बसला. २३ तारखेला दोन टोपांवर एकाच वेळी जाड भरलं होतं, दुसऱ्या दिवशी २२० नं घासून गुळगुळीत केलं, हाताला काहीच लागत नव्हतं. आज तिरप्या उजेडात धरल्यावर कपाळापासून मागेपर्यंत केसाएवढा खोल चर. वरचा थर आधी कडक होतो, आतला द्रव अडकून राहतो, आणि तो उडाला की जागा खचते. हे रंग मारल्यावर कळलं असतं तर सगळं खरवडावं लागलं असतं.

उरलेल्या दोन टोपांवर पातळ तीन हात, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस. खचलेल्या दोन्हींवर पॉलिस्टर पुट्टी, हार्डनर दोन टक्के, थर अर्ध्या मिलिमीटरच्या आत. गाडीचं काम करणारे पुट्टी सढळ हातानं ओढतात. गाडीचा पत्रा वाकत नाही, टोपाचा वाकतो. जाड पुट्टी तिथे तडकते.

२ ऑगस्ट, शनिवार

पट्टे. पुरा दिवस गेला आणि जायलाच हवा होता. लोक रंगावर आठवडा घालवतात आणि पट्ट्यांवर एक संध्याकाळ. मग देखाव्याच्या तिसऱ्या रात्री सरदार एका हातानं तलवार आणि दुसऱ्या हातानं छातीचा पत्रा धरून उभा.

पत्र्यावर पट्टा थेट चिकटवायचा नाही. आत आधी नायलॉनच्या ३८ मिमी पट्टीचा ५० मिमी लांब तुकडा चिकटवायचा, त्या तुकड्यात टिचबटणाचा खालचा भाग. वरचा भाग पट्ट्यावर. पट्टा तुटला, घामानं कुजला किंवा दुसऱ्या मापाचा माणूस उभा राहिला की टिच करून पट्टा बदलता येतो, पत्र्याला हात लागत नाही. एका चारआईन्याला अशी सोळा बटणं: खांद्यांवर चार, बगलेच्या चारही सांध्यांना वर-खाली मिळून बारा. नाही, बारा जास्त झाली म्हणून खालच्या ओळीत चार काढली. तिथे इलॅस्टिकची ४० मिमीची अखंड पट्टी दोन्ही बगलांच्या पत्र्यांमागून फिरवली. राहिली बारा.

नायलॉनला भोक आरीनं पाडलं तर धागे उसवतात. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानं पाडायचं. काठ वितळून आपोआप बंद होतो. टिचबटण ठोकताना ठोका सरळ हवा. तिरका पडला की आतली नळी एका बाजूला फाकते, बटण लागतं, पण दहाव्या वेळी निसटतं. ठोकल्यावर बोटांनी गोल फिरवून बघायचं. फिरलं तर काढून नवं.

गोंदासाठी चप्पल-बूटवाले सोल चिकटवायला वापरतात ते पीयू सोल्यूशन. दोन्ही बाजू ८० नंबरनं खरखरीत करून पातळ हात, पंधरा-वीस मिनिटं वाळू द्यायचं, मग हेअर ड्रायरनं तापवून दाबायचं. ओलं असतानाच दाबलं तर द्रव आत कोंडतो आणि एबीएस बाहेरून फुगतं. हे एका बगलेच्या पत्र्यावर दिसतंय, रुपयाएवढा उंचवटा. वर बुट्टा येणार आहे म्हणून सोडून दिला. चिकटवल्यावर चोवीस तास चिमटे. लाकडी कपड्यांचे चिमटे चालतात, पण त्यांचा स्प्रिंगचा वळ प्लास्टिकवर उमटू नये म्हणून मध्ये पुठ्ठा.

खांद्यावर नायलॉन नको, तिथे दिसतं. ३५ मिमीचं चामडं, पितळी बक्कल, पाच भोकं २० मिमी अंतरानं.

आतून १० मिमीचा ईव्हीए फोम: छातीला तीन पट्ट्या, पाठीला दोन, मध्ये मोकळी जागा. सगळी पाठ फोमनं भरली तर माणूस अर्ध्या तासात भिजतो.

६ ऑगस्ट

अंगावर घालून पाऊण तास चालणं, वाकणं, मांडी घालून बसणं. तीन गोष्टी सापडल्या.

बसल्यावर छातीचा पत्रा वर सरकून हनुवटीला लागतो. खालची कड १८ मिमीनं वर घेतली, मधोमध जास्त, कडांना कमी.

एका पाठीच्या पत्र्याला खांद्याजवळ तडा, १४ मिमी. तिथे पट्ट्यासाठी चौकोनी खाच कापली होती आणि तिला कोपऱ्यांची भोकं द्यायची राहिली होती. १३ जुलैची नोंद स्वतःच वाचायला हवी होती. तड्याच्या टोकाला २ मिमीचं भोक, आतून एबीएसची ३० मिमीची पट्टी, वर रस.

टोप जड नाही, तरी डोलतो. आत चार बटणांवर कापडी पट्टी आहे, ती सैल होती. डोक्याच्या घेरापेक्षा पट्टी १ सेंमी कमी ठेवली आणि मागे गाठ. टोपाला लोंबणारी साखळ्यांची जाळी विणलेल्या काळ्या लोकरीची, वरून सुक्या ब्रशानं चंदेरी. दहा फुटांवरून तेवढं पुरतं.

९ ऑगस्ट

प्रायमर. आधी ४०० नं ओलं घासून, वाळवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. प्लास्टिकचा प्रायमर, पहिला हात धुरळ्यासारखा. प्रायमरमधला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर हिप्सला खातो. भरभरून मारलं तर टोपाच्या शेंड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उठतात. पहिला हात सुका पडला की तोच पुढच्या हातांना आडोसा होतो. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा.

संध्याकाळी मारलेल्या दोन दस्तान्यांवर पांढरट धुकं बसलं. रंग बिघडलेला नाही, हवेचं काम आहे. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि खोलीतली ओल त्यावर दव होऊन बसते. आर्द्रतामापक ९१ दाखवत होता. श्रावणात कोल्हापुरात हे होणारच. दुसऱ्या दिवशी तुकडे बंद खोलीत १०० वॉटच्या बल्बाखाली तास-दीड तास कोमट करून घेतले आणि ऊन पडल्यावर ११ ते ३ च्या दरम्यानच मारलं. आर्द्रता ७८, धुकं नाही. थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) घालूनही जमतं, पण रंग जास्त वेळ ओला राहतो आणि हिप्सला तेच नको असतं.

१२ ऑगस्ट

लोखंड. चंदेरी स्प्रे मारला की चिलखत स्टीलच्या पिंपासारखं दिसतं, म्हणून तो नाहीच. काळा मॅट, दोन हात, दोन दिवस कडक होऊ द्यायचा. मग ग्रॅफाइटची पूड. इथे ती शोधत फिरावं लागत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत साच्यांना लेप द्यायला ग्रॅफाइट लागतंच. बारीक, पिठासारखी पूड हवी; दाणेदार नको, ती रंगावर ओरखडे काढते. चार संचांना ६० ग्रॅम पुरली.

जुन्या बनियनचा बोळा करून चिमूटभर पूड घ्यायची आणि गोल गोल, दाब देत घासायची. पहिल्या मिनिटाला काहीच होत नाही, नुसतं काळ्यावर काळं. मग एकदम खालून करडी झळाळी वर येते, फुगीर भागावर जास्त, खाचेत नाही. खाच काळीच राहते, आणि त्यामुळेच पत्रा ठोकून घडवल्यासारखा दिसतो. काठांवर बोटानं. बोटाची उष्णता आणि तेल मिळून तिथे वापरून झिजलेल्या लोखंडाची चमक येते, ती बोळ्यानं येत नाही.

वर क्लिअर (पारदर्शक थर) मारायचा का, यावर दोन मतं होती. एक बगलेचा पत्रा चाचणीला घेतला: अर्ध्यावर सॅटिन क्लिअर, अर्धा तसाच. क्लिअरखाली झळाळी निम्मी झाली, राखाडी रंग मारल्यासारखी. तसाच ठेवला तर हाताला आणि अंगरख्याला काळं लागतं. शेवटी बाहेरून पातळ एकच हात, वाळल्यावर फक्त काठांवर पुन्हा ग्रॅफाइट. आतल्या बाजूला आणि कपड्याला घासणाऱ्या कडांना दोन हात.

१६ ऑगस्ट

बुट्टे आणि काठाची सोनेरी वेल. कोफ्तगिरीत लोखंडावर सोन्याची तार ठोकून बसवतात. ती रेघ बारीक आणि सपाट असते. त्यामुळे उठावदार सोनेरी लेस चिकटवायचा विचार सोडला. ब्राँझ पावडर व्हार्निशमध्ये, शून्य नंबरचा ब्रश, काठापासून ६ मिमी आत. लागेल तेवढंच मिश्रण करायचं. रात्रभर ठेवलेलं हिरवट पडतं. वेल पूर्ण झाल्यावर काही ठिकाणी मुद्दाम बोळ्यानं पुसून अर्धवट केली. नवी कोरी वेल देखाव्याच्या दिव्यांत लग्नाच्या शेरवानीसारखी दिसते.

हरवलेली नाकपट्टी छातीच्या पत्र्याच्या उरलेल्या शीटची केली. एबीएसची पट्टी हिप्सच्या टोपावर गोंदानं धरायची नाही, दोन ३ मिमी स्क्रू आणि नट. बाकी तिन्ही टोपांच्या नाकपट्ट्यांनाही मग स्क्रूच लावले, म्हणजे चारही सारखे आणि पट्टी वर-खाली सरकवता येते.

२४ ऑगस्ट

चारही संच वजन केले: १.४ ते १.६ किलो. प्रत्येक पट्ट्याच्या आतून संच क्रमांक आणि ज्याला बसवला त्याचं भोक, मार्करनं. ‘३, डावा खांदा, चौथं भोक’ असं.

दुरुस्तीचा डबा: टिचबटणं २०, ठोकणी, पॉप रिव्हेट १५ आणि वॉशर, इलॅस्टिक २ मीटर, कापलेले नायलॉनचे तुकडे ८, पीयू सोल्यूशनची छोटी ट्यूब, हेअर ड्रायर, ग्रॅफाइटची पुडी आणि बनियनचा बोळा. सोल्डरिंग आयर्न, एक्स्टेन्शन बोर्डसकट.

चतुर्थी बुधवारी. मांडवात हॅलोजन लागले की टोप त्यांच्यासमोरच्या टेबलावर ठेवायचे नाहीत. हिप्स नव्वदीच्या आसपास मऊ पडतं आणि शेंडा ०.८ मिमीच आहे. विश्रांतीत टोप खुर्चीखाली, आत वर्तमानपत्राचा बोळा भरून.